रानासाठी गाडी, की गाडीसाठी रान?

गोल्फच्या हिरवळीवर खेळाडू आणि त्यांच्या काठ्या वाहणारी छोटी बॅटरी गाडी घ्यायची, तिची उंची वाढवायची, जाड नक्षीचे टायर चढवायचे, अंगावर झाडपाल्याच्या रंगाचे पट्टे ओढायचे आणि बंदूक ठेवायला खोबणी बसवून तिला रानात न्यायची, हा अमेरिकेत गेल्या काही दशकांत चांगला रुजलेला उद्योग आहे. आपल्याकडे शिकार कायद्याने बंद असल्याने तो जसाच्या तसा इथे येणार नाही. पण एका कामासाठी बनलेली गाडी फेरफार करून जंगलात नेणे ही गोष्ट कोल्हापूरला परकी नाही. संस्थानी काळात इथे शिकारीसाठी वाहने सजत होती. ज्या राखीव रानात राजघराण्याची शिकार चाले, त्याच दाजीपूरच्या रानात आज पर्यटकांच्या गाड्या जातात. पेट्रोल-डिझेलच्या गाडीऐवजी बॅटरीवरची हलकी गाडी न्यावी का, हा प्रश्न आता राज्यातल्या जंगल-पर्यटनापुढे आहे.

या प्रश्नाची पार्श्वभूमी, कायदा, यंत्राची बाजू आणि वेगवेगळ्या पक्षांचे म्हणणे इथे क्रमाने मांडले आहे. सगळ्या चर्चेत एक मुद्दा पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. चर्चा गाडीची चालते, पण बहुतेक अडचणी शेवटी वाटेपाशी येऊन थांबतात.

शिकारखान्याची वाहने

कोल्हापूर संस्थानात शिकारीचा थाट मोठा होता. राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) स्वतः पट्टीचे शिकारी होते. 'खडखडा' ही त्यांची घोड्यांची गाडी कोल्हापूरच्या आठवणींत अजून धावते. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात मांडलेली शिकारीची जनावरे आणि हत्यारे त्या काळाची साक्ष देतात. चित्त्याकरवी काळविटांची शिकार ही इथली खासियत. भारतातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले, याची नोंद दिव्यभानुसिंह यांनी 'द एंड ऑफ अ ट्रेल' या भारतीय चित्त्यावरच्या ग्रंथात केली आहे. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीपर्यंत, म्हणजे १९४० पर्यंत, ही परंपरा टिकून होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या शिकारीतले वाहन महत्त्वाचे आहे. डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीत बसवत आणि गाडी कळपाच्या दिशेने तिरकी-तिरकी नेत. माणूस पायी आला तर काळवीट दुरूनच उधळे. बैलगाडी मात्र ते रोज शेतात पाहत असल्यामुळे तिला बरेच जवळ येऊ देत. टप्प्यात आल्यावर टोपी काढायची आणि चित्ता सोडायचा. बैलगाडी काही बिनआवाजाची नव्हती. तिची चाके करकरत, बैलांच्या गळ्यात घुंगरे असत. ती ओळखीची होती, म्हणून चालून गेली. आजच्या बॅटरी गाडीच्या वादात ही गोष्ट पुन्हा उपयोगी पडणार आहे.

पुढे मोटार आली. कोट्याचे महाराव उमेदसिंह दुसरे यांच्यासाठी बार्कर या इंग्रज कंपनीने १९२५ च्या रोल्स-रॉईसवर वाघाच्या शिकारीसाठी खास बांधणी केली. तिच्यावर मोठे शोधदिवे आणि बंदुकांची सोय होती. कोल्हापूरच्या राजघराण्यालाही मोटारींचा शौक होता. विजयादशमीला दसरा चौकात येणारी त्यांची मेबॅक मोटार आजही पाहायला गर्दी होते. मोटार आल्याने शिकारीचे गणित बदलले. बैलगाडीला काळविटाच्या सवयींचा आधार घ्यावा लागे, मोटारीला वेग आणि दिवा पुरेसा होता. मग वाहन हे शिकाऱ्याचे साधन राहते की जनावरावरचा अन्याय ठरते, हा प्रश्न शिकाऱ्यांच्याच वर्तुळात विचारला जाऊ लागला.

कायदा चाकाकडे कसा पाहतो

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य प्राणी आणि पक्षी यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. १९५८ मध्ये दाजीपूरचे राखीव शिकाररान गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या अभयारण्यांत ते मोडते. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ३५१.१६ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कास, कोयना आणि चांदोलीबरोबर राधानगरीचाही समावेश झाला.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा शिकार पूर्ण बंद नव्हती. परवाने मिळत होते. मात्र शिकार कशी करायची नाही याची यादी कलम १७ मध्ये दिली होती. चाकाच्या किंवा यंत्राच्या वाहनातून शिकार करायची नाही, मोटार किंवा विमान वापरून जनावरे हाकायची नाहीत, खास परवानगीशिवाय कृत्रिम दिवा वापरायचा नाही, सूर्यास्त ते सूर्योदय शिकार करायची नाही. म्हणजे शिकारीसाठी गाडी सजवण्याचा रस्ता शिकारबंदीच्या आधीच बंद झाला होता. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची व्यवस्थाच संपली आणि तिच्याबरोबर हे कलमही गेले.

आज तीन तरतुदी थेट लागू होतात. पहिली, कायद्यातली 'शिकार' फक्त मारण्यापुरती नाही. जनावराला हाकणे, त्याचा पाठलाग करणे आणि तसा प्रयत्न करणेही तिच्यात येते. गव्याच्या मागे गाडी घालणारा पर्यटक बंदुकीशिवायही या व्याख्येच्या उंबऱ्यावर येतो. दुसरी, अभयारण्यात परवान्याशिवाय जाता येत नाही, आणि परवाना अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठीच मिळतो. हत्यार नेण्यावर वेगळी बंदी आहे. तिसरी, गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले वाहन सरकारजमा करण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यामुळे ससा-डुकराच्या चोरट्या शिकारीसाठी रात्री दिवे लावून फिरणाऱ्याची गाडीही पणाला लागते.

शिकारीचा एक धागा मात्र तुटलेला नाही. अभयारण्याच्या कडेच्या गावांत ऊस आणि भात यांत गवे, रानडुकरे शिरतात. २०२१ च्या डिसेंबरात तर गवा कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आला होता. पिकाचे किंवा मालमत्तेचे नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्यांना मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार कायद्याने वन खात्याच्या अधिकाऱ्यांना दिला आहे. मात्र गवा पहिल्या अनुसूचीत असल्याने पिकाच्या कारणासाठी त्याला हात लावता येत नाही. शेताची राखण करायला रात्री फिरणारी, आवाज न करणारी गाडी शेतकऱ्याला हवीशी वाटू शकते. तीच गाडी चोरट्या शिकाऱ्यालाही हवी असते. या जागी दोघांना वेगळे करणारी रेघ पुसट होते.

गोल्फ कार्ट रानात नेताना काय बदलते

गोल्फ कार्ट बनवणाऱ्या जुन्या कंपन्यांपैकी ई-झेड-गो १९५४ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे सुरू झाली. अशा गाडीची मूळ रचना अगदी साधी असते. तीन ते पाच अश्वशक्तीची मोटर, ३६ किंवा ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या, तासाला वीस-पंचवीस किलोमीटर वेग, जमिनीपासून जेमतेम दहा-बारा सेंटीमीटर उंची आणि बहुतेक जुन्या गाड्यांत फक्त मागच्या चाकांना ब्रेक. कापलेल्या गवतावर एवढे पुरते.

रानासाठी बदल करणारा पहिल्यांदा उंची वाढवतो आणि मोठे टायर घालतो. इथूनच साखळी सुरू होते. मूळ १८ इंची टायरऐवजी २३ इंची घातला की मोटरच्या त्याच फेऱ्यांत गाडी सुमारे २८ टक्के जास्त अंतर तोडते, पण चाकाशी मिळणारा जोर सुमारे २२ टक्क्यांनी घटतो. म्हणजे वेग नको तिथे वाढतो आणि जोर हवा तिथे कमी होतो. तो भरून काढायला गिअरचे प्रमाण बदलावे लागते, नाहीतर मोटर आणि तिला वीज पुरवणारा कंट्रोलर दोन्ही मोठे घ्यावे लागतात. विजेची मागणी वाढली की जाड तारा आणि जास्त बॅटऱ्या लागतात. शिसे-आम्लाच्या ४८ व्होल्टच्या संचाचे वजन दीडशे किलोंच्या पुढे जाते. लिथियमचा संच हलका असतो, पण महाग.

चढाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. माणसांसह सातशे किलोंची गाडी दहा मीटरला एक मीटर चढ असलेल्या वाटेवर तासाला दहा किलोमीटरने नेण्यासाठी, फक्त चढापुरती, सुमारे अडीच अश्वशक्ती लागते. चिखल, खडी आणि चाकांचा रोध त्यात धरलेला नाही. मोटर थोडा वेळ जादा जोर देऊ शकते, पण लांब चढावर ती तापते. फोंडा घाटाच्या माथ्यालगतच्या दाजीपूरच्या वाटांवर अशी तीन-पाच अश्वशक्तीची मोटर सदैव दमलेली राहील. तुलनेसाठी, जंगलात वर्षानुवर्षे वापरात असलेल्या मारुतीच्या जिप्सी किंगचे इंजिन ८० अश्वशक्तीचे आणि जमिनीपासूनची उंची २१ सेंटीमीटर होती, शिवाय चारही चाकांना जोर मिळे. बहुतेक गोल्फ कार्टमध्ये जोर मागच्या दोन चाकांपुरता असतो, आणि त्यातले एक चाक ओल्या जांभ्यावर घसरले की दुसऱ्याचाही उपयोग होत नाही.

सुरक्षेचा मुद्दा याहून गंभीर आहे. उंची वाढली की गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि तिरप्या उतारावर ती कलंडण्याचा धोका वाढतो. ब्रेक मागचेच राहिले आणि वजन, वेग, टायर वाढले, तर थांबायला लागणारे अंतरही वाढते. गोल्फ कार्टच्या या चुलत घराण्यात, म्हणजे मुळातच रानासाठी बनवलेल्या शेजारी-आसनांच्या छोट्या गाड्यांत, यामाहाच्या ऱ्हायनो या गाडीचे उदाहरण बोलके आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ४६ मृत्यूंची नोंद जाहीर केली. त्यानंतर कंपनीने विक्री थांबवून विकलेल्या गाड्या फुकट दुरुस्त करून देण्याची योजना आखली. दुरुस्तीत मागच्या चाकांमधले अंतर वाढवणे आणि मागची स्थिरता-दांडी काढणे यांचा समावेश होता. कारखान्यात आखलेल्या गाडीबाबत एवढा घोळ होत असेल, तर गॅरेजमध्ये उंचावलेल्या कार्टची तपासणी किती काटेकोर हवी, हे सांगायला नको.

जीप, जिप्सी आणि उद्यमनगर

कोल्हापुरात रानाची गाडी म्हणजे आधी जीप. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली आणि देशभरच्या जंगलांत तिची टप काढून मागे बाके टाकण्याची रीतच पडली. हलकी, अरुंद, दुरुस्तीला सोपी म्हणून ती चालकांना आवडली. तिचे उत्पादन थांबल्यावर बोलेरो, थार, गुरखा, जिम्नी असे पर्याय पुढे आले, पण ते वजनाने किंवा किमतीने जड पडतात, अशी तक्रार चालकांकडून ऐकू येते.

फेरफार करण्याचे कसब कोल्हापूरला कमी नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या ओतशाळा, लेथ आणि फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ऑइल इंजिनापासून ट्रॅक्टरच्या भागांपर्यंत सगळे घडते. स्प्रिंगचे पान वाढवणे, चेसिसला टेकू देणे, नवा ब्रॅकेट बनवणे हे इथल्या मिस्त्रीसाठी रोजचे काम आहे. त्यामुळे 'हे करता येईल का' याला कोल्हापुरात सहसा होकारच येतो. खरी अडचण 'हे चालवता येईल का' इथून सुरू होते.

नोंदणीचा पेच

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या गाडीचे मूळ रूप मालकाला मनासारखे बदलता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना गाड्यांपुढच्या लोखंडी बुलबारवर कारवाई करायला सांगितले होते.

इंधन बदलण्याची वाट मात्र कायद्याने मोकळी ठेवली आहे. मंजूर संच बसवून पेट्रोल-डिझेलची गाडी बॅटरीवर आणता येते. त्यासाठी संचाला पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेची मान्यता हवी आणि आरटीओकडे नोंदणीपुस्तकात बदल व्हायला हवा. म्हणजे जुन्या जिप्सीचे इंजिन काढून मोटर बसवण्याला कायदेशीर वाट आहे. केनियात जुन्या लँड क्रूझर आणि लँड रोव्हर सफारी गाड्यांबाबत असे प्रयोग झाले आहेत.

गोल्फ कार्टचे घोडे वेगळ्याच ठिकाणी अडते. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन कायद्याच्या 'मोटार वाहन' या व्याख्येतच बसत नाही. म्हणून कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या, रेल्वे फलाटांवरच्या बॅटरी गाड्या सहज चालतात. दाजीपूरचे तसे नाही. अभयारण्य हे कुंपणाचे आवार नव्हे, आणि राधानगरीहून तिथे जाणारा देवगड-निपाणी रस्ता सार्वजनिक आहे. तेव्हा कार्ट ट्रकवर घालून प्रवेशद्वारापर्यंत न्यायची, की तिला रस्त्यावर चालण्यायोग्य प्रकारात नोंदवायचे, हे आधी ठरवावे लागेल. २०१४-१५ मध्ये ई-रिक्षासाठी तासाला २५ किलोमीटर वेगाची मर्यादा घालून वेगळा प्रकार केला गेला, पण ती तीन चाकांची सवारी गाडी आहे, रानाच्या चढासाठी आखलेली नाही.

चार भूमिका

बॅटरीच्या बाजूने बोलणारे आवाज, धूर आणि वजन हे तीन मुद्दे मांडतात. जंगलात इंजिनाची घरघर थांबली की पाखरांचे आवाज ऐकू येतात, गाईडला कुजबुजत बोलता येते, जनावर बुजत नाही. धूर त्या जागी सुटत नाही. हलक्या गाडीचे टायर मऊ ठेवता येतात, आणि जमिनीवरचा दाब ढोबळमानाने टायरमधल्या हवेच्या दाबाइतका असल्याने माती कमी दबते. उतारावर मोटरकडून थोडी वीज परत मिळवता येते. वृद्ध आणि अपंग पर्यटकांना कमी उंचीच्या, सावकाश गाडीत चढणे सोपे जाते, ही त्यांची भर.

फोर बाय फोर जीपच्या बाजूचे लोक याला व्यवहाराच्या कसोटीवर घासतात. रानात गाडी बंद पडली तर जीप ओढून आणता येते, दुरुस्त करता येते, तिचे भाग राधानगरीत मिळतात. बॅटरी संपलेल्या गाडीला रस्त्यातच कुठे चार्ज करणार? त्यांचा दुसरा मुद्दा सुरक्षेचा आहे. दाजीपूरचा गवा हे जड अंगाचे जनावर, पूर्ण वाढलेला नर टनाच्या घरात जातो. उघड्या, पाच-सहाशे किलोंच्या गाडीत बसून त्याच्या अगदी जवळ पोहोचणे शहाणपणाचे आहे का, असे ते विचारतात. आवाज न करणारी गाडी वळणावर अचानक समोर आली तर गवा किंवा अस्वल दचकून अंगावर येण्याची शक्यता त्यांना जास्त वाटते.

इथे बैलगाडीची गोष्ट आठवावी. आवाजाने जनावर बुजते, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. अनोळखी हालचालीने ते बुजते आणि ओळखीच्या गोष्टीला सरावते. रोज त्याच वाटेने, त्याच वेळी, त्याच वेगाने जाणाऱ्या इंजिनाच्या गाडीलाही गवे सरावतात. उलट, शांत पण वाटेल तिथे शिरणारी बॅटरी गाडी त्यांच्यासाठी नवाच त्रास ठरेल. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादातून निघणारा निष्कर्ष एकच आहे : मोटरच्या प्रकारापेक्षा गाडी कशी आणि कुठून चालवली जाते, यावर जनावराचे वागणे जास्त अवलंबून असते.

तिसरी भूमिका वन्यजीव अभ्यासक आणि पायी भटकणाऱ्यांची. त्यांना गाडी कोणती हा वादच दुय्यम वाटतो. राधानगरीतले जांभ्याचे सडे, म्हणजे कातळपठारे, पावसानंतर थोडे आठवडे फुलतात. तिथली माती पातळ असते. चाके पहिल्या काही फेऱ्यांतच सर्वाधिक नुकसान करून जातात. दबलेल्या मातीत पडलेली चाकोरी पावसाळ्यात ओहोळ होते आणि पाणी माती घेऊन खाली उतरते. पावसाळ्यात सफारी बंद ठेवण्याचे कारण यातही आहे. त्यांच्या मते गाड्यांची संख्या, फेऱ्या आणि वाटा यांवर मर्यादा घालणे हे गाडी बदलण्यापेक्षा महत्त्वाचे. गाडी आरामदायक, शांत आणि 'हरित' झाली की जास्त लोकांना, जास्त आत नेण्याची सबब मिळते, ही त्यांची भीती.

चौथी भूमिका स्थानिक चालक आणि गाईड यांची. दाजीपूर, ओलवण आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांनी कर्ज काढून गाड्या घेतलेल्या असतात. नवा नियम म्हणजे नवे कर्ज. बॅटरी गाड्या खात्याच्या किंवा ठेकेदाराच्या असतील, तर चालक मालकाचा नोकर होतो. गाड्या त्यांच्याच नावावर, सोप्या हप्त्याने आणि चार्जिंगच्या सोयीसह मिळणार असतील, तर त्यांचा विरोध बहुधा मावळेल. इंधनाचा खर्च त्यांच्याच खिशातून जातो, त्यामुळे बचतीचे गणित त्यांना सांगावे लागत नाही.

माथेरानचा अनुभव

हलकी बॅटरी गाडी डोंगराच्या वाटेवर आणली की काय होते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत जवळचे उदाहरण माथेरान आहे. ४ फेब्रुवारी २००३ ला हे गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाले. मोटारींना तिथे बंदीच. गावातल्या वाटांवर घोडे आणि माणसांनी ओढायच्या हातरिक्षा एवढीच वाहतूक होती. हातरिक्षा ओढणाऱ्यांनी माणुसकीच्या मुद्द्यावर ई-रिक्षाची मागणी केली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली आणि त्या वर्षाच्या अखेरीस ई-रिक्षा धावू लागल्या.

त्यानंतर वाद गाडीवरून वाटेवर सरकला. लाल मातीच्या चढावर ई-रिक्षा चालाव्यात म्हणून पेव्हर ब्लॉक घालण्यात आले. त्यावरून घोडे घसरतात, पाणी मुरत नाही, डोंगराचे रूप बदलते, अशा हरकती आल्या. घोडेवाल्यांना पोटाची काळजी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितले, आणि पेव्हर ब्लॉकचा मार्ग दस्तुरी नाका ते शिवाजी पुतळा एवढ्यापुरता मर्यादित ठेवून आतल्या वाटा मोकळ्या ठेवण्याचा निर्देश दिला.

माथेरान हे गाव आहे, दाजीपूर हे अभयारण्य, त्यामुळे तुलना पूर्ण जुळत नाही. माथेरानला ई-रिक्षा माणसाच्या खांद्यावरचे जू उतरवण्यासाठी आली. दाजीपूरला तसा माणुसकीचा तातडीचा प्रश्न नाही. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी लागू पडते. कमी जोराची, कमी उंचीची गाडी आणली की ती गुळगुळीत वाट मागते. रानातली वाट गुळगुळीत केली की तिच्यावरून जास्त गाड्या, जास्त वेगाने जाऊ लागतात. उंच, जोरदार गाडी खडबडीत वाटेवरच चालते, पण तिचे वजन आणि इंजिन मातीला सोसावे लागते. दोन्हींत किंमत मोजावी लागते, फक्त वेगवेगळ्या खात्यावर.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न मोजमापाचा. राधानगरीसाठी गाडीच्या प्रकारानुसार जनावरे किती अंतरावरून हलतात, वाटेची माती किती दबते, पावसानंतर ती किती भरून येते, याची सलग नोंद ठेवली गेली तर आजचा निम्मा वाद मिटेल. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. ठरावीक जागी दर हंगामात मातीचा दाब मोजणे आणि गाईडने दर फेरीत जनावर गाडीपासून किती अंतरावर असताना हलले ते लिहून ठेवणे एवढे पुरते.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. मंजूर नसलेल्या फेरफाराची गाडी उलटली तर विमा, मालक, फेरफार करणारा आणि प्रवेश देणारा विभाग यांच्यात दोष कसा वाटायचा? रस्त्याबाहेरच्या वापरासाठी छोट्या गाड्यांचा स्वतंत्र प्रकार करायचा का, हा धोरणाचा विषय आहे. तो केला तर उद्यमनगरसारख्या ठिकाणच्या छोट्या कारखान्यांना ठरलेल्या मानकानुसार ब्रेक, स्थिरता आणि बॅटरीच्या तपासण्या करून गाड्या बनवता येतील. मानक नसताना चाललेला फेरफार मात्र सगळ्यांनाच अडचणीत आणतो.

तिसरा प्रश्न बॅटरीचा. कोरड्या गवताच्या हंगामात लिथियम बॅटरीला आग लागली तर काय, संचाचे आयुष्य संपल्यावर तो कुठे जाणार, चार्जिंगची जागा जंगलाच्या हद्दीत असावी की बाहेर, यांचे उत्तर गाडी येण्याआधी हवे.

चौथा प्रश्न शेतकऱ्याचा, आणि तो सफारीच्या चर्चेत सहसा येतच नाही. अभयारण्यातून बाहेर पडणारा गवा पर्यटकाला हवा असतो, शेतकऱ्याला नको असतो. सफारीच्या वाटा आणि वेळा बदलल्या तर गव्यांच्या हालचाली कुठे वळतील, हे आधी पाहिले पाहिजे. एका बाजूने त्यांना हुसकावले तर दुसऱ्या बाजूच्या उसात ते उतरतील.

चर्चा आज कुठे आहे

शिकारीसाठी गाडी सजवण्याचा अध्याय कायद्याने संपवला आहे, आणि तो उघडण्याची मागणी कोल्हापुरात कुणी गांभीर्याने करत नाही. पर्यटनासाठी गाडी बदलण्याचा अध्याय मात्र चालू आहे. गोल्फ कार्टला थेट दाजीपूरच्या चढावर आणण्यासाठी यंत्राची आणि नोंदणीची अशा दोन्ही बाजूंनी बरीच कसरत लागेल. मंजूर संच बसवून जुन्या जिप्सीला बॅटरीवर आणणे त्या मानाने सोपे आणि कायद्याला धरून आहे. सपाट, ठरलेल्या छोट्या फेरीसाठी, विशेषतः ज्येष्ठांसाठी, हलक्या बॅटरी गाडीला जागा निघू शकते.

मात्र गाडीचा प्रकार ठरवण्याआधी वाट ठरवावी लागेल : कोणत्या वाटेवर किती फेऱ्या, किती रुंदी, कोणत्या महिन्यांत, आणि कोणत्या सड्यावर चाकच नाही. हे ठरले की त्या वाटेला कोणती गाडी जुळते, ते तंत्रज्ञ आणि मिस्त्री सांगू शकतील. हा क्रम उलटा लावला, तर गाडीला साजेशी वाट तयार करण्याचे काम रानाच्या माथी येईल.